सदराच्या शेवटी बोध : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रोजच्या जगण्यावर लिहिणाऱ्या सदरलेखकाने शेवटी वाचकाला काही शिकवावे की नाही, हा वाद पुरवण्या रंगीत झाल्यावर सुरू झाला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो मराठी पत्रांइतकाच जुना आहे. १८३२ साली मुंबईत ‘दर्पण’ निघाले, तेव्हा वाचकाला शहाणे करणे हा पत्राचा उघड हेतू होता. १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये टोपणनावाने आलेली १०८ पत्रेही उपदेशाचीच, पण विधवांचे हाल, बालविवाह, विद्येची हेळसांड या घरातल्या गोष्टी त्यांनी छापील चर्चेत आणल्या.

उपदेश बाजूला ठेवून वाचकाशी नुसते बोलावे, ही कल्पना रुजली ती १९२६ साली सुरू झालेल्या ‘रत्नाकर’ मासिकातल्या गुजगोष्टींपासून. विषय मुद्दाम लहानसा, सूर मैत्रीचा. पण काही वर्षांतच त्याचाही साचा झाला: क्षुल्लक निमित्त, एखादी आठवण, थोडा विरोधाभास आणि शेवटी चटकदार वाक्य. पुढच्या ललित लेखकांनी तो साचा मोडला. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत हे मोकळे लेखन बरीच वर्षे चांगले नांदले.

१९९०नंतर संगणकावर पान लागू लागले, पुरवण्या वाढल्या, रंग आला. छायाचित्राला जागा हवी म्हणून शब्द कमी झाले. याच काळात एक निर्णय अनेक ठिकाणी हळूहळू रूढ झाला: लेखातले एक वाक्य उचलून ठळक अक्षरांत चौकटीत लावायचे. दिसायला ही निव्वळ मांडणीची बाब. पण लेखनावर तिचा जेवढा परिणाम झाला, तेवढा क्वचितच कशाचा झाला असेल.

चौकटीची बाजू घेणारे सांगतात की वृत्तपत्र सकाळच्या घाईत वाचले जाते. वाचकाच्या हाती काही लागले तर तो पुढच्या आठवड्यात सदर शोधत येतो. यात तथ्य आहे. अशी वाक्ये कापून कपाटाच्या दाराला चिकटवणारे वाचक होते, आणि त्यांचे प्रेम खोटे नव्हते.

तरीही मला विरोधकांचे म्हणणे अधिक पटते. चौकटीत जाणारे वाक्य आधी सुचू लागले की प्रसंग त्याच्या मापाने निवडला जातो. रिक्षावाला प्रामाणिकपणे पैसे परत करतो, कामवाल्या मावशी हसतमुखाने संकट सोसतात आणि लेखकाला जगण्याचा अर्थ गवसतो. मावशींचा पगार किती, त्यांना रजा मिळते का, हे लेखात येत नाही, कारण त्याने बोध विस्कटतो. ज्यांच्या आयुष्यातून धडा घेतला ती माणसे लेखात शोभेपुरती उरतात. सदराचे सगळे मोल बारकाईने पाहण्यात आहे. तेच इथे आधी जाते. चौकट नसती तर हे झालेच नसते असे नाही, पण तिने वाट फार सोपी करून दिली.

दरम्यान काही दैनिकांनी ही जागा वाचकांच्या अनुभवांना खुली केली. निवृत्त शिक्षक, गृहिणी, बँकेतले कर्मचारी लिहू लागले. त्यातले पुष्कळ लेखन बोधाच्याच वळणावर गेले, तरी गावाकडच्या घरांचे आणि नोकरीतल्या दिवसांचे तपशील त्यात असे सापडतात, जे नामवंतांच्या सदरांत सहसा दिसले नाहीत.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यावरच काही काळ बंदी घातली. पाने घटली, पुरवण्या आकसल्या, काही सदरे थांबली ती पुन्हा आली नाहीत. काही लेखक फेसबुकवर लिहीत राहिले. तिथे शब्दमर्यादा सांगणारा संपादक नाही आणि चौकटही नाही. पण मोबाइलवर पुढे पाठवले जाते ते बहुधा शेवटचे वाक्यच, पुष्कळदा लेखकाच्या नावाशिवाय.