पाटीवरचा ‘तज्ज्ञ’

मृगाच्या आधी माझ्या दुकानाची, म्हणजे शेतीची औषधं विकणाऱ्या कृषी केंद्राची, पाटी नव्यानं रंगवायला काढली. पेंटर शिडीवर, मी खाली. नाव झालं, ‘बी.एस्सी. (कृषी)’ झालं, परवाना क्रमांक झाला. तरी हातभर जागा उरली.

“भाऊ, इथं ‘कृषी तज्ञ’ लिवू काय? सप्पायच्या पाटीवर रायते.”

पेंटर अक्षरावर पैसे घेणारा, त्याला रिकामी जागा बघवत नव्हती. म्हटलं, थांब जरा. तो चहाला गेला आणि मी त्या शब्दाच्या मागं लागलो.

आधी शब्दच घेऊ. पेंटर लिहिणार होता तो ‘तज्ञ’ चुकीचा. ‘तत्’ आणि ‘ज्ञ’ मिळून संधी होते ‘तज्ज्ञ’, ज दोनदा. अर्थ, ‘ते’ जाणणारा. सगळं जाणणारा तो सर्वज्ञ, त्याचं खातं वेगळं. म्हणजे पाटीवर तज्ज्ञ लिहिणाऱ्यानं ‘ते’ म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगायला हवं. कापूस? कापसावरची बोंडअळी? का नुसती अळीवरची बाटली? आमच्या वऱ्हाडी बोलीत तज्ज्ञ हा शब्द नाहीच. “त्याले पऱ्हाटीतलं समजते,” असं म्हणतात. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. हे नेहमी दुसऱ्यानं म्हणायचं. “मले समजते” असं कोणी म्हणालंच, तर पारावरची माणसं एकमेकांकडं बघून हसतात.

जुन्या गावगाड्यात ही पारख फार लांबवर जात नसे. तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, भरणाऱ्या वाढयाचा (सुताराचा) हात कसा आहे हे पेरणीनंतर आठवडाभरात वावरातच दिसायचं. फणाचा कोन चुकला की बी खोल जायचं किंवा वर राहायचं, तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, खाडे पडायचे, आणि ते खाडे येणारा-जाणारा मोजायचा. बलुतं खळ्यावर मिळायचं, म्हणजे कारागिराची मजुरी आणि शेतकऱ्याचं पीक एकाच ढिगातून निघायचं. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गायला मी तयार नाही. कसब जातीला बांधलेलं होतं. वाढयाचा आळशी पोरगा वाढईच व्हायचा, आणि दुसऱ्या घरातल्या हुशार पोराला रंधा हातात घ्यायची सोय नव्हती. कातडं कमावणाऱ्याइतकं चामडं कोणालाच कळत नव्हतं, पण त्याला जाणकार म्हणून पाटावर कोणी बसवलं नाही.

कापसानं हे सगळं ढवळून काढलं. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि हिंगणघाटच्या कापसाचं नाव पार इंग्लंडच्या बाजारात गेलं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. आता कापूस पिकवणारा इथं आणि पारखणारा हजारो कोसांवर. मधल्या माणसाच्या शब्दावर भाव ठरू लागला, तेव्हा या मधल्या माणसाला कोणी तपासायचं, हा प्रश्न आला. 1886 मध्ये कारंजा इथं देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. अडत्या, मापारी यांना परवाने आले. माझ्या मते या भागात कागदावरचा जाणकार जन्माला आला तो इथंच. काट्यावरचा हात खरा आहे की नाही हे आता गाव सांगणार नव्हतं, परवाना सांगणार होता.

परवान्याच्या जगातही हाताची किंमत उरली होती, हे मी लहानपणी पाहिलंय. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारलाच द्यायचा आणि प्रत ठरवणार ग्रेडर. आमची बैलबंडी एका जिनिंगच्या आवारात रात्रभर रांगेत होती. सकाळी ग्रेडर आला. वरचा कापूस त्यानं बाजूला सारला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातला पुंजका काढला. सरकीपासून रुई सोडवली. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली, अर्धी टाकली, उरलेली जुळवून पुन्हा ओढली. असं सात-आठ वेळा. शेवटी एका रेषेत आलेले धागे त्यानं काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून पाहिले. मग एक सरकी दाताखाली धरली. कोरडी असती तर कट्ट वाजली असती. वाजली नाही.

त्यानं खालची प्रत सांगितली. बाबांचा चेहरा उतरला. “काहून जी?” त्यांनी विचारलं. ग्रेडरनं तीच सरकी त्यांच्या हातावर ठेवली, दुसरी बंडीच्या तळातून काढून दिली आणि म्हणाला, “चावून पाहा, पाटील.” बाबांनी चावली. कापूस ओला होता. पहाटेच्या दवात वेचलेला, ते आम्हालाही ठाऊक होतं. बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, “त्याले समजते.”

आता तिथं ओलाव्याचं मीटर आहे. हमीभाव आठ टक्के ओलाव्याला, त्याच्यावर बारापर्यंत कपात, बाराच्या पुढं बंडी परत. आकडा स्वच्छ दिसतो, वाद कमी होतात. पण मीटरचा दांडा बंडीच्या वरच्या थरात खुपसायचा की तळात, हे अजूनही माणूसच ठरवतो.

पदवीचा रस्ता समांतर चालला होता. नागपूरचं कृषी महाविद्यालय 1906 चं. 1952 मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि खतापासून संडासापर्यंत सगळं सांगणारा ग्रामसेवक गावात आला. 1969 मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ. तिथं मी शिकलो, त्यामुळं पदवीला नावं ठेवणार नाही. तिच्याशिवाय मला पांढरी माशी आणि तुडतुडा यांतला फरक ग्राहकाकडून शिकावा लागला असता, त्याच्या पैशानं.

पण वर्गात एक नाव ऐकलं होतं ते राहून राहून आठवतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 मध्ये ‘पटेल 3’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, दरवर्षी वेगळ्या पेरल्या, निवडत गेले. त्यातून बारीक तांदळाचा जो वाण निघाला त्याला बाजारात तेव्हाच्या घड्याळावरून नाव पडलं, एचएमटी. पुढं अकोल्याच्याच विद्यापीठानं, म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही), त्याचं शुद्धीकरण करून ‘पीकेव्ही एचएमटी’ आणला. श्रेय कोणाचं यावर बरंच बोललं गेलं. दादाजींचा राष्ट्रीय पातळीवर सन्मानही झाला. 2018 च्या जूनमध्ये ते गेले. वेगळी लोंबी दिसणं आणि ती वेगळी आहे हे सिद्ध करणं, ही दोन कसबं आहेत. आपल्याकडं पाटी दुसऱ्या कसबालाच मिळते.

आणि मग माझं दुकान. शेतकरी पॉलिथिनच्या पिशवीत पान घेऊन येतो, काउंटरवर उलटं करतो, विचारतो, “काय मारू?” त्या क्षणी तो मला डॉक्टर, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ तिन्ही समजतो. आणि माझं पोट मात्र बाटली विकण्यावर चालतं. पहिल्या वर्षी एकानं लाल पडलेली पानं आणली. मी बुरशीनाशक दिलं, तीन एकराचं. तो लाल्या होता, मॅग्नेशियमची कमतरता आणि रात्रीचा गारवा. बुरशीचा संबंधच नव्हता. हे मला त्याच्याच शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, आणि तेही पंधरा दिवसांनी, दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहून.

2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, तोंडाला फडकं, आणि पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधांचं मिश्रण. मिश्रण सांगितलं कोणी, या प्रश्नावर बोटं आम्हा दुकानदारांकडेही वळली. ती चुकीची वळली असं मी म्हणणार नाही. तोवर नियम बदलायला लागले होते. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या कृषी विस्ताराचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेनं विक्रेत्यांसाठी वर्षभराची पदविका 2003 मध्येच काढली होती, बाजार बंद असतो त्या दिवशी वर्ग. 2015 च्या दुरुस्तीनं कीटकनाशक विकणाऱ्याला कृषी किंवा जवळच्या विषयाचं शिक्षण बंधनकारक झालं. जुन्या परवानाधारकांना मुदती मिळाल्या, पुढं बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची सोयही झाली. बारा आठवड्यांत लेबल वाचायला येतं. तेवढं आलं तरी पुष्कळ आहे, हे 2017 नं दाखवलं.

कायदा तज्ज्ञ कोणाला म्हणतो, हेही मी त्या दुपारी वकील भाच्याला फोन करून विचारलं. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 45 ‘विशेष कौशल्य असलेली व्यक्ती’ एवढंच म्हणत होतं. पदवीचं नाव नाही. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम 39 झालं. सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये हिमाचलच्या सफरचंदांच्या एका खटल्यात सांगितलं होतं की तज्ज्ञाचा विषयाचा खास अभ्यास असावा किंवा खास अनुभव, आणि त्याचा निष्कर्ष तपासता येईल अशी कसोटी त्यानं न्यायाधीशाच्या हाती द्यावी. भाचा इंग्रजीतून वाचत होता आणि मला बाबांच्या तळहातावरची सरकी दिसत होती.

पेंटर चहा पिऊन आला. “मंग? लिवू?”

म्हटलं, तिथं चार त्रिकोण काढ. लाल, पिवळा, निळा, हिरवा. कीटकनाशकाच्या बाटलीवर विषाची तीव्रता सांगायला असतात तसे, लाल सगळ्यात जहाल.

त्यानं काढले. आणि एका त्रिकोणाचे दोन अक्षरांचे पैसे लावले.