गटात राहून काढलेला सोलो अल्बम आणि गट सोडून काढलेला सोलो अल्बम

रॅपरचा पहिला सोलो अल्बम आला, की तो गटातून फुटला असे गृहीत धरून लिहिण्याची सवय हिप-हॉपच्या जाणकारांनाही सुटत नाही. एखादा कलाकार गटात राहून स्वतःच्या नावाने अल्बम काढतो आणि दुसरा गट सोडल्यावर काढतो; या दोन्हींना ‘सोलो पदार्पण’ म्हणून एकाच रांगेत बसवले, की दोन्हींचे मूल्यमापन चुकते. मुखपृष्ठावर कोणाचा चेहरा आहे आणि पाहुणे रॅपर किती आहेत, यावरून काहीच ठरत नाही, कारण या गोष्टी दोन्ही प्रकारांत सारख्याच दिसतात.

खरा फरक श्रेयनामावलीत असतो: बीट (म्हणजे शब्दांखालचे संगीत) कोणी केले, शब्द कोणी लिहिले. तो नीट पाहायचा तर एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसच्या एकाच रॅप गटातून निघालेले दोन अल्बम समोरासमोर ठेवावेत.

पहिला अल्बम इझी-ई याचा, 1988 सालचा ‘इझी-डझ-इट’. नाव एकट्याचे असले तरी निर्मिती, म्हणजे बीट, गटातल्याच डॉ. ड्रे आणि डीजे येला यांची आहे, शब्द मुख्यतः गटातले आइस क्यूब व एमसी रेन आणि गटाचा साथीदार द डी.ओ.सी. यांचे आहेत आणि कंपनी इझीचीच, म्हणजे रूथलेस रेकॉर्ड्स आहे. त्याआधी 1987 मध्ये गाजलेले ‘बॉइज-एन-द-हूड’ हे गाणेही क्यूबनेच लिहिले होते. ते दुसऱ्या एका गटाने नाकारल्यामुळे इझीकडे आले आणि रॅपचा अनुभव नसलेल्या इझीकडून ड्रेने ते स्टुडिओत एकेक ओळ म्हणवून घेतले. ‘इझी-डझ-इट’ हा त्यामुळे संपूर्ण गटाने एका आवाजासाठी केलेला अल्बम आहे. मला तो अतिशय आवडतो, पण त्यावरून इझी एकटा काय करू शकला असता याचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

दुसरा अल्बम आइस क्यूबचा, मे 1990 मध्ये प्रायॉरिटी रेकॉर्ड्सने काढलेला ‘अमेरिकाज मोस्ट वॉन्टेड’. मिळकतीच्या वाटपावरून गटाचे व्यवस्थापक जेरी हेलर यांच्याशी मतभेद झाले, समोर ठेवलेल्या करारावर क्यूबने सही केली नाही आणि 1989 च्या अखेरीस तो बाहेर पडला. शब्द त्याचेच होते, ते त्याच्याबरोबर आले. बीट मात्र ड्रेचे होते आणि ते मागे राहिले. ड्रेनेच निर्मिती करावी अशी क्यूबची इच्छा असूनही ते जमले नाही, म्हणून लॉस एंजेलिसच्या या रॅपरने न्यूयॉर्क गाठले आणि पब्लिक एनिमी या तिथल्या रॅप गटाचा आवाज घडवणाऱ्या बॉम्ब स्क्वॉड या निर्मात्यांच्या चमूबरोबर, सोबत आपला निर्माता सर जिंक्स याला घेऊन, काम केले. अल्बमची सुरुवात विजेच्या खुर्चीकडे नेल्या जाणाऱ्या कैद्याच्या प्रसंगाने होते आणि त्यापाठोपाठ जो दाट, एकावर एक सॅम्पल (जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे) रचलेला कोलाहल सुरू होतो, तो एन.डब्ल्यू.ए.च्या कोणत्याही गाण्यात सापडत नाही. गट सोडलेला रॅपर कशाला मुकला आणि ती पोकळी त्याने कशाने भरली, हे इतके स्वच्छ ऐकू येणारे दुसरे उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

याच अल्बमला ‘जुन्या साथीदारांचा सूड’ म्हणणे तर मला मुळीच सहन होत नाही, कारण तारखाच ते खोटे ठरवतात. जाहीर हल्ला आधी गटाने केला: ऑगस्ट 1990 च्या ‘हंड्रेड माइल्स अँड रनिन’मध्ये क्यूबला बेनेडिक्ट अर्नोल्ड, म्हणजे अमेरिकी इतिहासातला प्रसिद्ध फितूर, ठरवण्यात आले. क्यूबचे घणाघाती उत्तर ‘नो व्हॅसलिन’ 1991 च्या ‘डेथ सर्टिफिकेट’वर, म्हणजे दुसऱ्या पूर्ण अल्बमवर आले. पहिल्या अल्बमचे लक्ष्य अमेरिका होते आणि त्यातील एका गाण्यात त्याने पब्लिक एनिमीच्या चक डीला सोबत घेतले होते.

कंपनी बदलली म्हणजे गट सुटला, हा निकषही फसवा आहे. वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप गटाने 1993 चा पहिला अल्बम लाउड रेकॉर्ड्सकडे देताना सदस्यांना स्वतंत्र करारांची मोकळीक मिळवली होती. त्यामुळे मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल’ डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे आणि जीझेडए गेफेनकडे. तरीही मेथड मॅनचा ‘टिकल’, लाउडकडेच राहिलेल्या रेक्वॉनचा ‘ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स’ आणि जीझेडएचा ‘लिक्विड स्वॉर्ड्स’ यांतील जवळजवळ सर्व बीट गटाचा निर्माता आरझेडए याचे आहेत, म्हणून कागदावर कंपन्या कितीही वेगळ्या असल्या तरी हे अल्बम इझीच्या रांगेतले आहेत, क्यूबच्या नव्हे. (‘लिक्विड स्वॉर्ड्स’ला जीझेडएचे पदार्पण म्हणणेही चूकच आहे, त्याचा पहिला अल्बम गटाच्या आधी, 1991 मध्ये आला होता.)

बाहेर पडणारा स्वतःच निर्माता असेल, तर हिशेब उलटा होतो. ड्रेने 1992 च्या डिसेंबरमध्ये ‘द क्रॉनिक’ काढला तेव्हा बीट त्याच्याबरोबर होते आणि उणीव आवाजांची होती. ती त्याने स्नूप डॉगसारख्या नवख्यांकडून भरून काढली. क्यूब गेल्यावरही एन.डब्ल्यू.ए.ने रेन आणि डी.ओ.सी. यांच्या लेखणीवर 1991 मध्ये बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिला क्रमांक मिळवला होता. ड्रे गेल्यावर मात्र त्या गटाचा एकही नवा अल्बम आला नाही.