तलफ घरीच वाट बघत असते

व्यसन सोडवायचं म्हणजे माणसाला भरती करायचं, ही समजूत पक्की आहे. आठवड्यातून एकदा ओपीडीत जाऊन तासभर बोलून काय होणार, असं घरच्यांना वाटतं. वाटणं साहजिक आहे, पण ते अर्धंच खरं.

व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1970च्या दशकात अभ्यास केला. तिथे जवळपास पाचातला एक जण हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम 5 टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. पदार्थ मायदेशीही मिळत होता. बदलला होता तो सगळा भोवताल. भरती होऊन सुटलेल्याचं नेमकं उलटं होतं. महिनाभर वॉर्डात तलफ फारशी छळत नाही, आणि घरी आल्यावर तीच खुर्ची, तेच मित्र, तीच संध्याकाळ. मेंदूने नशेची सांगड या खुणांशी घातलेली असते.

ओपीडीतल्या थेरपीत याच खुणा शोधल्या जातात.

"मंगळवारी प्यायलात, त्याआधी काय झालं?"

"काही नाही, सहज."

मग कागदावर तासातासाचा हिशेब मांडला जातो. साडेपाचला साहेबांशी खटका, सहाला रिकामं घर, पोटात सकाळपासून काही नाही. 'सहज'च्या पोटात एवढं निघतं! पुढच्या मंगळवारी काय वेगळं करायचं ते तिथेच ठरतं, आणि जमलं की नाही ते आठवड्याने कळतं. वॉर्डात ही परीक्षाच होत नाही.

अ‍ॅलन मार्लाट हे मानसशास्त्रज्ञ तलफेला लाट म्हणत. ती चढते, माथ्यावर येते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तिच्याशी झुंजायचं नाही. छातीत, घशात काय होतंय ते बघत बसायचं.

मनाचा आजार आणि व्यसन यांतलं आधी कोणतं, हा प्रश्न मात्र अवघड. दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या 191 पुरुषांचा अभ्यास 1988मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांच्यातल्या 42 टक्क्यांमध्ये ठळक नैराश्य होतं. चार आठवडे दारूविना गेल्यावर ते 6 टक्क्यांवर आलं. म्हणजे बऱ्याच जणांची उदासी दारूनेच आणलेली होती. पण उरलेल्यांना नैराश्याचे उपचार हवेतच, तेही व्यसनाच्या उपचारांसोबत. 'आधी दारू सोडा, मग या' असं सांगून परत पाठवणं मला तरी चुकीचं वाटतं.

आता ओपीडी कुठे पुरत नाही तेही सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप यांनी जीवही धोक्यात येतो. आधी कधी असे झटके आले असतील किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर भरती करणंच बरं. शरीर सावरलं, की तो मंगळवारचा कागद घरी परतल्यावर काढता येतो.