अतिदक्षता वैद्यक : कोकणातील कौशल्ये आणि कारकीर्द

श्वसन, रक्ताभिसरण, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी एक किंवा अनेक अवयव निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला यंत्रांच्या व औषधांच्या आधाराने तगवून धरणारी वैद्यकशाखा. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छिद्र करून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याची पद्धत वापरली. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत होते. पुढच्याच वर्षी तिथे स्वतंत्र अतिदक्षता कक्ष सुरू झाला. भारतातील तज्ज्ञांची संघटना, इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन, १९९३ मध्ये स्थापन झाली.

कोकणात या शाखेचा पाया एका अर्थी विंचवाने घातला. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे पाहिली आणि रात्र रात्र खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या. मृत्यू ओढवतो तो हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरल्यामुळे, हे त्या नोंदींतून स्पष्ट झाले. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी उपचारात आणली आणि सुमारे ४० टक्क्यांवर असलेला मृत्युदर एका टक्क्याच्या आसपास आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अतिदक्षतेत यायचे की नाही असा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने हे काम जरूर वाचावे. रुग्णाकडे तासन्‌तास बघत राहण्याची तयारी हे या शाखेतले पहिले कौशल्य आहे, आणि त्याला मोठे रुग्णालय लागत नाही.

मण्यारीच्या दंशात याची कसोटी लागते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो; वेदना फारशी नसते, दाताच्या खुणाही अनेकदा सापडत नाहीत. पहाटे पोटात दुखते म्हणून तो येतो. अशा वेळी अनुभवी डॉक्टर पापण्या बघतो, उशीवरून डोके उचलायला सांगतो आणि एका श्वासात आकडे मोजायला लावतो. तासाभराने तोच माणूस कमी आकड्यांवर अडखळला, तर श्वास थांबण्याची वाट न बघता श्वासनलिकेत नळी टाकायची. प्रतिविष दिले तरी लकवा उतरायला कित्येक दिवस लागू शकतात. या काळात बाहुल्या विस्फारलेल्या, हातपाय लुळे, हाकेला प्रतिसाद नाही. मेंदू मृत झाला असे वाटावे इतके सगळे निपचित. रुग्ण मात्र शुद्धीवर असू शकतो आणि खाटेशेजारचे बोलणे ऐकत असतो. म्हणून त्याला झोपेचे औषध द्यायचे, काय करतो आहोत ते सांगत राहायचे आणि घरच्यांना आशा सोडू द्यायची नाही. यातली बहुतेक माणसे वेळेवर व्हेंटिलेटर मिळाला की चालत घरी जातात.

फुरसे आणि घोणस यांचे गणित वेगळे. तिथे रक्त गोठत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि तरीही ते पातळच राहते का ते बघायचे, ही चाचणी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवरच चालते. चापडा या झाडांवरच्या हिरव्या विषारी सापाच्या दंशावर ते उपयोगी नाही, हेही ठाऊक हवे.

पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात. काहींच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बंद पडतात. अशा फुप्फुसांना व्हेंटिलेटरने दर श्वासाला किलोमागे सुमारे ६ मिलिलिटरच हवा द्यायची, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीतून सिद्ध झाले. इथले किलो काट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. त्यामुळे चांगल्या आयसीयूत खाटेजवळ मोजपट्टी असते. काजूच्या हंगामात दोडामार्ग-सावंतवाडी भागात माकडताप हा गोचिडींतून पसरणारा विषाणूजन्य ताप डोके वर काढतो. बागायतीतल्या कीटकनाशकांची विषबाधा वर्षभर असतेच. तिथे छातीत साठलेले स्राव आटून ती मोकळी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याचा डोस दर काही मिनिटांनी दुप्पट करत न्यावा लागतो.

रुग्ण हलवणे हे मात्र खास कोकणातले कौशल्य म्हणावे लागेल. सिंधुदुर्गातून गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय, रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूर, महाड-पोलादपूरकडून मुंबई किंवा पुणे. वाटेत घाट, पाऊस आणि कधी दरड. निघण्याआधी हिशेब करावा लागतो : लहान ‘बी’ सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो; मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो अडीच तासांत संपतो, आणि कोल्हापूर गाठायला तीन-साडेतीन तास लागू शकतात. म्हणजे दुसरा सिलिंडर, तो उघडायची चावी आणि अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) गाडीत चढलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दार लावायचे नाही. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि तिथले आठ रुग्ण दगावले. त्यानंतर तरी यंत्र बंद पडल्यावर काय करायचे, याचा सराव प्रत्येक आयसीयूत व्हायला हवा.

शिक्षणाचा रूढ मार्ग असा : एमबीबीएस, मग भूलशास्त्र, मेडिसिन, श्वसनविकार किंवा आपत्कालीन वैद्यक यांत एमडी अथवा डीएनबी, आणि त्यानंतर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन अतिदक्षता वैद्यकातले तीन वर्षांचे डीएम किंवा डीआरएनबी. वर उल्लेखिलेल्या संघटनेची आयडीसीसीएम ही पदविकाही आहे. भूलशास्त्रातून येणाऱ्याचा हात नळी आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) यांवर बसलेला असतो, मेडिसिनवाल्याची निदानाची नजर तयार असते. उरलेली बाजू दोघांनाही मेहनतीने भरून काढावी लागते. कोकणात परतायचे असेल त्याने भूलशास्त्राचा विचार आधी करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तालुक्याच्या गावी त्याच हातांनी दिलेल्या भुलीवर सिझेरियनही होते आणि त्याच हातांनी व्हेंटिलेटरही चालतो. डायलिसिस आणि सोनोग्राफीचा प्रोबही स्वतः हाताळता यायला हवा, कारण रात्री दोन वाजता दुसरा तज्ज्ञ येईलच असे नाही.

सावर्डे-डेरवण आणि पडवे येथील खासगी महाविद्यालयांच्या जोडीला अलीबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने, पूर्वी कोकणाबाहेर जावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला आता इथल्या खाटांवर शिकता येते. मोठ्या शहरात प्रत्यारोपण, एक्मो (हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेर करणारे यंत्र) आणि दिवसरात्र उपलब्ध वरिष्ठ मिळतात. ते प्रशिक्षण घ्यावेच. मात्र विभाग निवडताना तिथे सर्पदंश, विषबाधा आणि लेप्टो येतात का, हे विचारून घ्यावे. रात्रपाळ्यांचा शीण आणि रोजचे मृत्यू माणसाला पोखरतात. दोन-तीन सहकारी मिळून पाळ्या वाटून घेण्याची सोय असेल तिथेच नोकरी धरावी. एकट्याने आयसीयू चालवणे फार काळ निभत नाही.

या क्षेत्राचा खरा भार परिचारिकांवर असतो. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर अतिदक्षता परिचर्येची एक वर्षाची पदविका करता येते. रात्रपाळीत बीएएमएस झालेले निवासी डॉक्टरही अनेक ठिकाणी असतात, आणि १०८ च्या गाडीवरही. नळीत साठलेले स्राव ओढणे, कूस बदलणे, मॉनिटरच्या आकड्यांतला सूक्ष्म बदल टिपून डॉक्टरला उठवणे ही कामे या दोघांकडेच असल्याने, विभागप्रमुखाने आठवड्याची शिकवणी घेताना सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांना एकाच टेबलाभोवती बसवण्याची पद्धत ठेवावी.