वापरलेलं कार्बन धनुष्य घेताना: न दिसणाऱ्या तड्याचा शोध

काचतंतूच्या पट्टीला जोराचा मार बसला की ती जागा पांढरट पडते. आतले थर सुटतात, तिथे प्रकाश विखुरतो आणि इजा डोळ्यांना कळते. कार्बनतंतूचं तसं नाही. तो मुळातच काळा, त्यावर रंगाचा थर. आत थर सुटलेले असले तरी वरून तो तुकतुकीतच दिसतो. विमानं बनवणारे अभियंते अशी जेमतेम दिसणारी इजा भागात आहे असं धरूनच त्याची ताकद ठरवतात. वापरलेलं कार्बन धनुष्य विकत घेणाऱ्यानेही याच सावधपणाने त्याच्याकडे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. आमच्या इंदुरात रामबाग, नारायणबाग भागातल्या मराठी घरांमधूनही आता या खेळाची चौकशी होते. चांगलं नवं धनुष्य लाखाच्या पुढे जातं, म्हणून पालक जुन्याकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही, फक्त तपासणी नीट व्हायला हवी.

अमेरिकेतल्या होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये ज्याचं पेटंट मिळालं, ते हे कंपाउंड धनुष्य साध्या धनुष्यापेक्षा वेगळं वागतं. दोन्ही टोकांना कॅम नावाची विलक्षण आकाराची चाकं असतात. त्यांच्यामुळे पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो. ६० पाउंडांच्या, म्हणजे सुमारे २७ किलोच्या धनुष्यात शेवटी जेमतेम १२ ते १५ पाउंड धरून ठेवावे लागतात. पण हातावरचा भार उतरला तरी लिम्ब, म्हणजे वरचे-खालचे वाकणारे बाहू, पूर्ण वाकलेलेच असतात. धनुष्य खुंटीला टांगलेलं असतानाही ते बऱ्याच ताणाखाली असतात. म्हणून घरी पाना घेऊन ते उघडायला जाऊ नये. दोरी उतरवायची असेल तर बो प्रेस, म्हणजे लिम्ब दाबून दोरी सैल करणारं यंत्रच हवं.

आता ड्राय फायर. बाण न लावता दोरी सोडणं हा धनुष्यावरचा सगळ्यात वाईट आघात. २३ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटतो तेव्हा तो सुमारे ८० ज्यूल ऊर्जा घेऊन जातो. बाणच नसेल तर ही ऊर्जा काही मिलिसेकंदांत लिम्ब, कॅम, आस आणि दोरीवरच आदळते. फार हलका बाण वापरला तरी थोडं असंच होतं. म्हणून बहुतेक उत्पादक ताणाच्या दर पाउंडाला किमान ५ ग्रेन वजनाचा बाण सांगतात, म्हणजे ६० पाउंडांना ३०० ग्रेन, साधारण साडेएकोणीस ग्रॅम. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: ड्राय फायर कधी झालं का, आणि यासोबत कोणते बाण वापरत होतात?

‘कार्बन धनुष्य’ म्हणतात तेव्हा बहुधा मधला रायझर, म्हणजे हातात धरायचा भाग, कार्बनचा असतो. लिम्ब अनेकदा काचतंतूचे किंवा मिश्र असतात. दोन्हींची दुखणी वेगळी, त्यामुळे काय कशाचं आहे ते आधी माहीत करून घ्यावं.

कार्बनचा एक तंतू सुमारे ७ मायक्रॉन जाड, केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. असे हजारो तंतू इपॉक्सी नावाच्या घट्ट होणाऱ्या राळेत बसवून थरावर थर रचतात. घनता ॲल्युमिनियमच्या २.७ च्या तुलनेत १.६ च्या आसपास. ओढीला हे तंतू फार बळकट असतात, पण दोन थरांना एकत्र ठेवते ती फक्त इपॉक्सी. धनुष्य दगडावर आडवं पडलं की तंतू शाबूत राहूनही मधली पकड सुटू शकते. सुटलेला थर दाबाखाली एकटाच बाहेर फुगतो आणि दर वाकण्याबरोबर सुटलेली जागा वाढत जाते.

शोधायचं कसं? सगळ्यात स्वस्त साधन कापूस. लिम्बच्या कडांवरून, आसाच्या भोकांभोवती आणि रायझरच्या कोपऱ्यांवरून कापसाचा बोळा हळूच फिरवायचा. तंतू उचकटला असेल तिथे कापूस अडकतो. बोट फिरवू नये, तंतूचं कुसळ घुसलं तर काढणं फार त्रासाचं. रामबागेतल्या एका काकूंनी नातीसाठी आलेलं धनुष्य मला दाखवलं होतं. ‘‘अहो, हे तर नवंकोरंच दिसतंय ना?’’ असं त्या म्हणाल्या आणि दिसत होतंही तसंच. दोरी मात्र अगदी ताजी होती. खालच्या लिम्बच्या टोकाशी, आसाजवळ, कापूस अडकला. प्रशिक्षकांनी बो प्रेसवर ते उघडलं तेव्हा आसही किंचित वाकलेली निघाली. ही दोन्ही लक्षणं ड्राय फायरकडे बोट दाखवतात. जुन्या धनुष्यावर कोरी दोरी दिसली तर जुनी का बदलली, हे जरूर विचारावं.

दुसरी परीक्षा आवाजाची. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच नाण्याने हलकेच वाजवत जायचं. एकसंध भागाचा आवाज खणखणीत येतो. थर सुटलेल्या जागी वरची पातळ चकती वेगळीच कंप पावते आणि आवाज बोदा होतो. विमानांच्या देखभालीतही ही पद्धत वापरतात. पण रायझर पोकळ असतो, जाडी जागोजागी बदलते, म्हणून आवाजही मुळातच बदलतो. डाव्या-उजव्या किंवा वरच्या-खालच्या जोडीच्या जागांची तुलना केली तरच अर्थ लागतो. बारीक तडा या परीक्षेत सापडत नाही, हेही लक्षात असावं.

खऱ्या अर्थाने आत डोकावण्याची सोय आमच्याच शहरात आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात आणि त्यांच्यापासून मिळणारे क्ष-किरण वस्तूंच्या आतल्या रचनेच्या प्रतिमांसाठीही वापरतात. कार्बन क्ष-किरण फारसे शोषत नाही, त्यामुळे साध्या क्ष-किरण चित्रात तंतू आणि इपॉक्सी वेगळे उठून दिसत नाहीत. पण किरणांच्या कलेतला, म्हणजे त्यांच्या लहरींच्या टप्प्यातला, सूक्ष्म फरक टिपला की त्यांच्यातली सीमा आणि भेगांच्या कडा स्पष्ट होतात. ही संशोधनाची यंत्रणा आहे. खेळाडूला कापूस, नाणं आणि मोजपट्टी यांच्यावरच भागवायचं असतं.

मोजपट्टीचं काम सोपं आहे. दोन आसांमधलं अंतर आणि मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर उत्पादकाच्या तक्त्याशी जुळतं का ते बघायचं. कॅमच्या सपाट बाजूला बाण टेकवून धरला की दोरी त्याला साधारण समांतर जायला हवी. फार तिरपी गेली तर कॅम कलला आहे किंवा आस वाकली आहे. दोरी झिजली असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही, ती बदलण्याचीच वस्तू आहे.

मे महिन्यात इंदूरच्या उन्हात बंद गाडीच्या आतली हवा ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. इपॉक्सी तापली की तिची पकड ढिली होऊ लागते, दोरीही लांबते. धनुष्य कुठे ठेवलं जात होतं, हा प्रश्न म्हणूनच वायफळ नाही.

एवढं पार पडल्यावरच ताणून बघावं. तेही योग्य वजनाचा बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करून, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून आणि सावकाश. बाजूला कोणीही उभं राहू नये. कर्र असा आवाज आला तर दोरी न सोडता हळूहळू परत आणावी.

तडा सापडला तर वरून इपॉक्सी भरून भागत नाही, कारण तुटलेला तंतू त्याने पुन्हा सलग होत नाही. लिम्ब बदलून मिळत असतील तर बदलावेत. रायझरच गेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. मूळ हमीही बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते. असं धनुष्य शोभेला भिंतीवर टांगायचं असलं तरी आधी प्रेसवर चढवून दोरी आणि कॅमना जोडणाऱ्या केबल उतरवून घ्याव्यात, म्हणजे घरातल्या एखाद्या मुलाला ते ओढून बघता येणार नाही.