मोळी बांधणे वेगळे, ट्रॉली बांधणे वेगळे

गाडीमागे ओढायचा कॅरॅव्हॅन ट्रेलर विकत घेतलेल्या किंवा इथेच कोल्हापूरच्या उद्यमनगरात करवून घेतलेल्या कुटुंबांशी बोलणे निघाले की मी एक प्रश्न हमखास विचारते : आतले मिटणारे टेबल, खुर्च्या आणि खाट तुम्ही प्रवासात कशी बांधता? उत्तर ठरलेले असते. "सगळं फोल्ड करून कड्या लावतो." हे उत्तर ऐकले की मला राहवत नाही, कारण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच नसते. मिटलेली वस्तू मिटलेलीच राहावी म्हणून आपण जे करतो ते एक काम झाले. ती वस्तू ट्रेलरमध्ये ठेवल्या जागी राहावी म्हणून जे करावे लागते ते दुसरे. पहिल्याला मी 'मिटवणे' म्हणते आणि दुसऱ्याला 'जखडणे'. दोन्हींना कड्या, पट्टे आणि दोऱ्या लागतात, दोन्ही निघण्यापूर्वीच्या त्याच घाईत उरकायची असतात, आणि म्हणूनच ती एक समजली जातात.

वास्तविक कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. उसाच्या फडात तोडणी मजूर वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांनी, मोळी आवळतात, ती मोळी डोक्यावरून नेऊन ट्रॉलीत रचतात आणि ट्रॉली भरली की वरून दोर टाकून तो ट्रॉलीच्या सांगाड्याला आवळतात. मोळी पक्की आहे म्हणून वरचा दोर टाकायचे कोणी टाळत नाही. मोळीच्या वाढ्याचे काम ऊस एकत्र ठेवण्याचे असते आणि दोराचे काम ऊस ट्रॉलीवर ठेवण्याचे असते, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगावे लागत नाही. हाच विचार कॅरॅव्हॅनच्या दारातून आत शिरताना मात्र कुठे हरवतो, हे मला कोडेच होते.

मिटवण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते सर्वांना येते. एवढेच लक्षात ठेवावे की मिटलेली वस्तू प्रवासात उघडते ती बहुधा थरथरीमुळे. त्यामुळे लोहचुंबकाचा कॅच किंवा नुसता स्प्रिंगचा कॅच यांवर विसंबू नये आणि जिथे काही तरी आडवे सरकून बसते अशी खिट्टी, टॉवर बोल्ट किंवा अडसर वापरावा. टेबलाचे पाय, खुर्चीच्या पट्ट्या, खाटेची चौकट यांची आपापसातली खडखड थांबवायला सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी उत्तम. ती हलक्या वस्तू सतत ताणून धरते आणि रंगही खरवडत नाही.

आता जखडण्याकडे येते. घोटाळा कुठून सुरू होतो हे मला बऱ्याच उशिरा उमगले. तयार कॅरॅव्हॅनमध्ये जे मिटणारे फर्निचर येते ते बहुतेक वेळा बिजागरीने भिंतीला जोडलेले असते. रेल्वेच्या स्लीपर डब्यातला मधला बर्थ डोळ्यांसमोर आणा : तो खाली लोंबत असो वा साखळ्यांना टांगलेला असो, डब्याला तो कायमचाच जोडलेला असतो. अशा फर्निचरमध्ये जखडण्याचे काम बिजागरी आधीच करून बसलेली असते, आपल्या हाती फक्त मिटवणे उरते, आणि म्हणून एक कडी लावली की दोन्ही कामे झाल्यासारखी दिसतात. सवय लागते ती इथे. मग तोच माणूस बाजारातून सुटे फोल्डिंग टेबल आणि चार खुर्च्या आणतो, त्यांनाही कडी असते, तो ती लावतो आणि निश्चिंतपणे स्टिअरिंगवर बसतो. पण सुट्या टेबलाची कडी टेबलाच्या पायाला टेबलाच्याच फळीशी जोडते. तिचा ट्रेलरशी कसलाही संबंध नसतो. ती कितीही भक्कम असली, पितळेची असली, दुहेरी असली, तरी नसतो.

आमच्या ट्रेलरचे आतले काम चालू असताना तिथल्या कारागिराला मी हे विचारले होते. त्याचे उत्तर होते, "वहिनी, कडी लावलीया नव्हं, आता कुठं जातंय टेबल?" तेव्हा मीही मान डोलावली. पुढे गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीत थांबलो आणि दार उघडले, तेव्हा टेबल कुठे गेले ते दिसले. पलंगाच्या पेटीला टेकवून उभे केलेले टेबल समोरच्या बाजूला पोहोचले होते. त्याचे चारही पाय मिटलेले होते आणि कडी जशी लावली होती तशीच होती, केसभरही सैल नव्हती. फळीचा एक कोपरा ओट्याखालच्या कपाटाच्या दारातून आरपार गेला होता आणि फरशीच्या व्हिनाइलवर अर्धवर्तुळाकार ओरखडा उठला होता. मिटवणे अगदी निर्दोष झाले होते. जखडणे झालेच नव्हते.

टेबल सरकले कसे, हा प्रश्न त्यानंतर मला स्वस्थ बसू देईना, कारण घाट आम्ही सावकाश उतरलो होतो. युरोप आणि अमेरिकेत मालवाहू वाहनांवरच्या बांधणीसाठी जे निकष आहेत, त्यांत बांधणीने पुढच्या दिशेला वस्तूच्या वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर सोसला पाहिजे असे धरले जाते. हे आकडे अपघाताचे नाहीत. जोरदार ब्रेक आणि वळणे यांचे आहेत. आमचे टेबल २० किलोचे. म्हणजे ब्रेक लागताना त्याला पुढे ढकलणारा जोर १६ किलो वजनाइतका, वळणावर १० किलोइतका. गुळगुळीत फरशीवरचे घर्षण वजनाच्या ०.३ पट धरले, तर फरशी त्याला जेमतेम ६ किलोइतक्या जोराने धरून ठेवते. शिवाय हे ६ किलोही सतत मिळत नाहीत. गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून चाक उसळले की क्षणभर टेबलाचा भार फरशीवरून उठतो आणि त्या क्षणी घर्षण जवळजवळ शून्यावर येते. त्याच वेळी बाजूचा थोडासा जोर असला, तर टेबल एक बोट सरकते. पुढच्या खड्ड्याला आणखी एक बोट. असे करत ते अख्ख्या घाटात चालत गेले.

हे समजल्यावर जखडण्याचेही दोन प्रकार पडतात, आणि खरी चूक त्या दोघांची गल्लत करण्यात होते. वस्तूवरून पट्टा टाकून तिला फरशीवर दाबून धरणे हा एक प्रकार. इथे पट्टा वस्तूला थेट अडवत नाही, तो फक्त घर्षण वाढवतो. वरच्याच हिशेबाने १६ किलोचा जोर घर्षणानेच सोसायचा, तर फरशीवर एकूण सुमारे ५३ किलोचा दाब हवा. २० किलो टेबलाचे स्वतःचे, म्हणजे पट्ट्याने आणखी ३३ किलोने दाबले पाहिजे. एवढा दाब हलक्या फर्निचरवर दिला तर ॲल्युमिनियमची नळी चेपू शकते. त्याच टेबलाखाली खरखरीत रबरी चटई घातली आणि घर्षण ०.६ पट झाले, तर वरून सुमारे ७ किलोचा दाब पुरतो. पट्टा आवळण्यात ताकद खर्च करणाऱ्यांनी आधी चटई आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार अडवण्याचा, आणि मला तोच पसंत आहे. वस्तू पुढच्या बाजूने एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीला टेकवायची, म्हणजे ब्रेकचा मोठा जोर ती गोष्टच सोसते. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे फरशीला बोल्टने बसवलेली पलंगाची पेटी. पूर्वी टेबल तिच्या पुढे उभे होते. आता ते तिच्या मागे उभे असते. मग पट्ट्याला फक्त बाजूचा आणि मागचा जोर सांभाळायचा उरतो. पट्टा टेबलावरून नुसता टाकू नये. तो टेबलाच्या चौकटीतून ओवून घ्यावा, म्हणजे वस्तू त्याखालून निसटत नाही. चार मिलिमीटरच्या प्लायच्या आडोशाला मात्र टेकू समजू नये. तो दिसायला भिंत असतो, पण सोसायला काहीच नसतो.

टोकांना हूक असलेल्या लवचिक दोरीविषयी आता सांगितलेच पाहिजे, कारण दोन्ही कामांना तीच वापरण्याची चाल सर्वत्र पडली आहे. ही दोरी मिटवण्यासाठी योग्य आहे आणि जखडण्यासाठी अयोग्य आहे. हाताला ती घट्ट लागते आणि तिथेच माणूस फसतो. लवचिक दोरीचा जोर ती जितकी ताणली जाईल तितका वाढत जातो. समजा १६ किलोचा जोर द्यायला तिला आणखी वीस सेंटिमीटर ताणावे लागत असेल, तर तो जोर मिळेपर्यंत तुमचे टेबल वीस सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि ब्रेक सुटताच ती दोरी त्याला परत मागे फेकते. न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याचे तसे नसते. युरोपीय प्रमाणानुसार माल बांधायच्या पॉलिएस्टर पट्ट्याची लांबी त्याच्या पूर्ण क्षमतेच्या ताणाखालीही ७ टक्क्यांहून अधिक वाढू नये. १६ किलोला ती वाढल्याचे डोळ्यांना दिसतही नाही. लवचिक दोरीचा दुसरा धोका ती सोडताना असतो. तिचा हूक निसटून डोळ्याला गंभीर इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, तेव्हा मुलांना ती सोडायला सांगू नये.

पट्टा घ्यायचा तर २५ मिलिमीटर रुंदीचा, दाबून सोडायच्या कॅम बकलचा घ्यावा. रॅचेटचा पट्टा ट्रकवरच्या मालासाठी आहे. त्याच्या दांड्याने मिळणारा ताण खुर्चीच्या नळ्या वाकवतो आणि आपण किती आवळले याचा अंदाज हाताला येत नाही. तो नको.

पट्टा कशाला बांधायचा हे पट्ट्याहूनही महत्त्वाचे आहे. आतल्या पॅनेलला स्क्रूने बसवलेली कडी जोरदार ब्रेकला स्क्रूसकट उपटून येऊ शकते. कडी ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला नट-बोल्टने बसवावी आणि फरशीतून न्यायची असल्यास खालून पत्र्याची रुंद पट्टी आणि मोठा वायसर घालावा. ट्रेलर बांधून घेणार असाल तर हे काम आतली फरशी टाकण्यापूर्वीच सांगा. नंतर सांगितले तर फरशी उचकटावी लागते आणि कारागीर ते टाळून स्क्रूवरच भागवतो.

खुर्च्या टेबलाला बांधल्या म्हणजे सगळे बांधले गेले, असे समजणारेही पुष्कळ आहेत. दोन सुट्या वस्तू एकमेकींना बांधल्या तर त्यांची एक मोठी सुटी वस्तू तयार होते, आणि तिचा जोर दोघींच्या वजनाइतका असतो. ही मोळी झाली. ती बांधायला हरकत नाही, उलट बांधावीच. पण वरचा दोर त्यानंतर टाकायचा असतोच.

बिजागरीच्या फर्निचरबद्दलही एक अपवाद सांगते. खाली लोंबून मिटणाऱ्या टेबलाला गुरुत्वाकर्षणाची मदत असते, त्याला एक खिट्टी पुरे. वर उचलून भिंतीला मिटणारी खाट मात्र प्रत्येक उसळीला खाली यायला पाहते आणि तिला वर धरून ठेवण्याचे काम एकट्या कडीवर येते. तिला कडीखेरीज एक पट्टा हवाच, आणि तिच्या बिजागरीचे स्क्रूही चौकटीतच गेलेले हवेत.

हे सगळे फक्त कपाटाचे दार वाचवण्यासाठी आहे असे कोणी समजू नये. ट्रेलरचा पुढचा काही भार गाडीच्या हूकवर असावा लागतो. अमेरिकेतील प्रचलित शिफारस एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांची आहे. तो भार कमी झाला की ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही डोलवतो. ८०० किलोच्या ट्रेलरमध्ये हूकवर ८० किलो आहेत असे धरा. हूकपासून चाकाच्या आसापर्यंतचे अंतर साडेतीन मीटर असेल आणि टेबल-खुर्च्यांची ४० किलोची मोळी चढावर दोन मीटर मागे घसरली, तर हूकवरचा भार एका झटक्यात सुमारे २३ किलोंनी कमी होतो. गगनबावड्याच्या चढावर असे घडले तर वेग कमी असल्याने निभावते. पुणे-बंगळूर महामार्गावर ऐंशीच्या वेगात निभावेलच असे नाही. म्हणूनच जड वस्तू खाली आणि आसाच्या किंचित पुढे जखडायच्या, आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसू द्यायचे नाही.

बांधणी पुरेशी आहे का हे हाताने हलवून कळत नाही. विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा ताणकाटा घरात असतोच. तो टेबलाच्या चौकटीला अडकवून आधी बाजूला आणि मग मागे ओढावा. २० किलोच्या टेबलाला १० किलोचा आकडा येईपर्यंत ओढूनही ते बोटभरापेक्षा जास्त सरकले, तर पट्टा सोडून पुन्हा ओवावा. पहिल्या अर्ध्या तासानंतर, आमच्या बाबतीत कळे गावाच्या आसपास, एकदा थांबून पट्टे पुन्हा पाहावेत, कारण गादी आणि चटई दबल्या की पट्टे थोडे ढिले पडतात. दुसऱ्यांदा गगनबावड्यात, घाट उतरायच्या आधी. आणि मुक्कामी पोहोचल्यावर दार आधी चार बोटेच उघडावे, आतून काही दाराला रेलले आहे का ते पाहावे, आणि मगच पूर्ण उघडावे.