सांगलीचे नेट कॅफे आणि सॉफ्टवेअरची कॉपी : पार्श्वभूमी

कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम 'साहित्यकृती' म्हणून आला तो १९८४ च्या दुरुस्तीने. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीतली. तेव्हा कॉपीला खरा अडसर होता डोंगलचा, म्हणजे सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या, संगणकाच्या पोर्टला लावायच्या छोट्या किल्लीचा. डीटीपीवाल्यांचे (संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्यांचे) मराठी फाँटचे पॅकेज डोंगल लावल्याशिवाय चालत नसे, मग फ्लॉपीवर उचलून नेऊन करणार काय?

पुढे विश्रामबाग, मिरज, इस्लामपूर अशा कॉलेजांच्या ठिकाणी नेट कॅफेत तासावर बसायची सोय झाली. कॅफेवाल्यांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवायची, सीडी ड्राइव्ह फक्त काउंटरच्या मशीनला ठेवायचा, आणि रीस्टार्ट केले की डिस्क पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर टाकायचे. विंडोजच्या कंपनीनेच असे एक साधन मोफत दिले होते, ते २०१० अखेर बंद केले. हा सगळा पहारा गिऱ्हाइकावर. चोरीची प्रत मात्र बऱ्याचदा असेंबल केलेल्या मशीनसोबत, पहिल्या दिवशीच 'लोड करून' आलेली असायची. ते दार कुणी अडवले नाही आणि धाडीची धास्ती कॅफेवाल्याच्या वाट्याला आली. हे न्याय्य नव्हते.

त्याहून मोठा गुंता अस्सल प्रतीचा. पैसे मोजून विंडोज घेतली तरी तिच्या नेहमीच्या परवान्यात मशीन भाड्याने द्यायला मुभा नाही. त्यासाठी कंपनीने जानेवारी २०१० पासून वेगळा, वर पैसे भरून घ्यायचा भाडेहक्क परवाना आणला. म्हणजे बिल दाखवणारा कॅफेवालाही परवान्याच्या हिशेबात चुकलेलाच! आपल्या कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. प्रोग्राम व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क त्याच्या कॉपीराइटच्या मालकाचा, पण भाड्याचा मुख्य विषय तो प्रोग्रामच नसेल तर हा हक्क लागू होत नाही, असे १९९९ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. मेल बघायला आलेला विद्यार्थी तासाचे पैसे इंटरनेटचे देतो, विंडोजचे नव्हे. प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करायला बसलेला कशाचे देतो? इथे घोडे अडते. शिवाय कायद्याने मोकळीक दिली तरी परवाना हा करार आहे, आणि त्याचा भंग हा वेगळा मुद्दा. माझ्या मते कायद्यातली ही सूट लहान कॅफेसाठी मोलाची होती. तिची माहिती दुकानापर्यंत पोचवायला हवी होती.

२०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी केंद्राचे नियम आले. ओळखपत्र बघा, नोंदी वर्षभर जपा, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, कायद्याने मनाई असलेली माहिती कॉपी वा डाउनलोड करू नये असा फलक लावा. परवान्याचा गुंता होता तिथेच राहिला.

स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर बरेच कॅफे ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सची दुकाने झाले. तिथे गिऱ्हाईक कागद पुढे करते आणि कीबोर्डवर दुकानदार बसतो. मशीन भाड्याने दिलेच जात नाही, त्यामुळे भाड्याचा वाद तिथे उरत नाही. पण प्रत बेकायदा असेल आणि ते दुकानदाराला ठाऊक असेल, तर कैद टाळून फक्त दंडावर सोडण्याची न्यायालयाला असलेली मुभा त्याच्या कामाची नाही. ती धंद्यासाठी न केलेल्या वापरापुरतीच आहे.